पडद्यामागचा वीस : एका बदललेल्या रोलचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये दर शनिवारी संध्याकाळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं एक टेबल भरतं. एक डीएम, म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा, आणि चार खेळाडू. हे प्रकरण त्या टेबलाचं. पाचही जणांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावांऐवजी त्यांच्या पात्रांचे वर्ग वापरले आहेत: विझर्ड (जादूगार), रॉग (चोरपावलांचा), क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी), बार्बेरियन (रांगडा योद्धा). मी या टेबलाची खेळाडू नाही. पण बरीच वर्षं स्वतः डीएम म्हणून खेळ चालवते आणि या सगळ्यांना ओळखते, म्हणून गोष्टी हाताबाहेर जायला लागल्यावर त्यांनी मला मध्ये बसायला बोलावलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो. डीएम बाकीचं सगळं जग चालवतो, म्हणजे गावकरी, राक्षस, पाऊस, दारामागचा सापळा. एखादी गोष्ट जमेल की नाही याची शंका असली की वीस बाजूंचा फासा पडतो; फासा टाकण्याला आम्ही रोल म्हणतो. खेळाडूंचे फासे सगळ्यांसमोर पडतात. डीएमचे मात्र बऱ्याच टेबलांवर पुठ्ठ्याच्या एका पडद्यामागे पडतात, आणि आकडा काय आला हे तो तोंडाने सांगतो. पडलेला आकडा एक आणि सांगितलेला दुसरा, याला आमच्याकडे 'फज करणं' म्हणतात.

या डीएमने उभं केलेलं जग सह्याद्रीवर बेतलेलं होतं. घाटवाटा, खिंडी, पडक्या माच्या, मधूनच धुकं. कॅम्पेन, म्हणजे महिनोन्महिने चालणारी सलग कथा, सुरू होऊन तीनेक महिने झाले असताना एक पात्र मेलं होतं. आज बार्बेरियन चालवणाऱ्या खेळाडूचं ते पहिलं पात्र, दुसऱ्या लेव्हलचा एक योद्धा, म्हणजे फायटर. बाकीच्यांना पळता यावं म्हणून तो एकटा खिंडीत उभा राहिला आणि हॉबगॉब्लिन राक्षसांनी त्याला पाडलं. पात्राचा जीव मोजणारे हिट पॉइंट शून्यावर आले की जगण्या-मरण्याचा फासा, म्हणजे डेथ सेव्ह, खेळाडू स्वतः टाकतो: दहा किंवा जास्त आले तर यश, कमी आले तर अपयश, तीन अपयशं म्हणजे मरण, आणि एक पडला तर तो दोन अपयशांइतका धरतात. त्याचं एक अपयश आधीच झालं होतं. पुढच्या फाशावर एक आला. टेबलाच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

डीएमने ते मरण फार सुंदर पेललं. पुढच्या शनिवारी त्याने एका कागदावर पेन्सिलने वीरगळ काढून आणली. खालच्या पट्ट्यात लढाई, मधल्यात वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्यात शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. आपल्याकडे गावोगावी असते तशी. त्यानंतर कॅम्पेनमध्ये त्या खिंडीतून जायची वेळ आली की खेळाडू वीरगळीला फूल वाहिल्याशिवाय पुढे जात नसत. ज्याचा फायटर मेला त्याला हे मरण अभिमानाचं वाटायचं. 'इथे जे होतं ते खरं होतं,' हा विश्वास टेबलाला त्या दिवशी मिळाला, असं मला सगळ्यांशी बोलताना जाणवलं. पुढे जे तुटलं ते हेच.

विझर्ड चालवणारी मुलगी डीएमची मामेबहीण. कॉलेजात आहे. दादाने आग्रह केला म्हणून आली आणि खेळात पुरती रमली. वहीत मंत्रांची यादी, समासात नकाशे, वर पात्राने आईला लिहिलेली पत्रंसुद्धा.

त्या संध्याकाळी काय झालं

पात्रं पाचव्या लेव्हलला होती. घाटमाथ्यावरच्या एका गुहेत हिल जायंट हा महाकाय राक्षस आणि त्याच्याबरोबर त्याहून लहान दोन ओगर राक्षस, असा सामना डीएमने आखला होता. क्लेरिक गावी गेला होता, त्यामुळे त्याचं पात्र पायथ्याच्या वस्तीत थांबलं आणि वर तिघंच गेली. सामना होता तसाच ठेवला.

प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण मी इथे धरते. फासा यानंतर बऱ्याच वेळाने पडला. २०१४ च्या नियमांनुसार हिल जायंटचे १८०० एक्सपी (त्याला हरवल्याबद्दल मिळणारे गुण) आणि प्रत्येक ओगरचे ४५०, एकूण २७००. शत्रू तीन असले की अवघडपणा मोजताना बेरजेला दोनने गुणायचं, म्हणजे ५४००. पाचव्या लेव्हलच्या एका पात्राची 'डेडली' मर्यादा ११००. चौघांची झाली ४४००, तिघांची ३३००. चौघं असतानाही हा सामना पुस्तकाच्या हिशोबाने जीवघेणा होता. तिघांना, तेही जखमा भरून काढणाऱ्या क्लेरिकशिवाय, तो झेपण्यापलीकडचाच होता. डीएमने हा हिशोब केलाच नव्हता. 'थोडं अवघड जाईल' एवढाच त्याचा अंदाज होता.

लढाईच्या चौथ्या फेरीत जायंट विझर्डपर्यंत पोहोचला. तिचे कमाल हिट पॉइंट २७ आणि त्या क्षणी उरलेले १९. जायंटला एका फेरीत सोट्याचे दोन वार मिळतात. पहिला लागला, १७ गेले, उरले दोन. डीएमने दुसऱ्या वाराचा फासा पडद्यामागे टाकला आणि वीस आला. वीस म्हणजे क्रिट, नुकसानाचे फासे दुप्पट. आठ बाजूंचे सहा फासे टाकून त्याने बेरीज केली: २८ आणि जायंटच्या ताकदीचे वरचे पाच, म्हणजे ३३. त्यातले दोन तिला शून्यावर आणायला पुरले, ३१ शिल्लक राहिले. नियम असा की शिल्लक नुकसान पात्राच्या कमाल हिट पॉइंटइतकं किंवा जास्त असेल तर डेथ सेव्ह मिळतच नाहीत. पात्र जागच्या जागी मरतं.

डीएम क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "दुसरा वार हुकला. सोटा तुझ्या कानाजवळून जाऊन दगडावर आपटला. ठिणग्या उडाल्या."

टेबलावर सुटकेचा गलका झाला. विझर्डने आपल्या पाळीत मागे सरकून फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र टाकला, आधीच जखमी असलेला जायंट आणि उरलेला ओगर दोघं कोसळले. तिची ती संध्याकाळ अविस्मरणीय ठरली. कॉलेजात तिने हा किस्सा कितीतरी जणांना सांगितला.

रॉग चालवणारा खेळाडू मात्र नेमका त्याच वेळी फ्रिजमधून पाण्याची बाटली आणायला उठला होता. डीएमच्या खुर्चीमागून परत येताना त्याला पडद्याआडचा लाल फासा दिसला, वरच्या बाजूला वीस असलेला. शेजारी आठ बाजूंचे सहा फासे मांडलेले. हुकलेल्या वारासाठी नुकसानाचे फासे कुणी टाकत नाही. त्याला काय ते कळलं. त्या रात्री तो काही बोलला नाही.

प्रश्न कसा उघडा पडला

दोनेक आठवड्यांनी खेळ संपवून एकाच गाडीवर घरी जाताना रॉगने बार्बेरियनला हे सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, मनात राहवलं नाही म्हणून. बार्बेरियनने रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरळ लिहिलं, "एक विचारू? जायंटचा तो दुसरा वार खरंच हुकला होता का?" उत्तर सकाळी आलं: "नव्हता. मी बदलला. पुस्तकात याला परवानगी आहे." त्यावर बार्बेरियनचा एकच प्रश्न होता: "मग माझ्या वेळी?" दुपारपर्यंत विझर्ड ग्रुपमधून बाहेर पडली होती.

पुस्तकाबद्दल डीएम खरं बोलत होता. २०१४ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये पडद्यामागे फासे टाकण्याचा एक फायदा म्हणून हेच सांगितलं आहे. लागोपाठ दोन क्रिट येऊन पात्र मरत असेल तर दुसऱ्याला साधा वार करा किंवा हुकवून टाका. मात्र त्याच परिच्छेदात पुढे बजावलं आहे की हे वारंवार करू नका आणि खेळाडूंना कळू देऊ नका. कळलं तर धोका खोटा आहे असं त्यांना वाटेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे तुम्ही कुणाला तरी झुकतं माप देताय असं वाटेल. या टेबलावर दोन्ही झालं. ज्या सल्ल्याची पहिली अट 'कुणाला कळता कामा नये' ही असते, तो सल्ला मला कधीच पटलेला नाही. पाच माणसं एका टेबलाभोवती वर्षभर बसतात. कधी ना कधी कुणीतरी पाणी आणायला उठतंच.

मी चौघांशी वेगवेगळं बोलले आणि डीएमशी दोनदा. बाहेरून हे प्रकरण 'नातलगाला वाचवलं' एवढंच दिसत होतं. आत तीन वेगळे प्रश्न गुंतलेले होते आणि ते वेगळे केल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं.

बार्बेरियनचा प्रश्न समानतेचा. त्याच्या फायटरला मारणारा फासा त्याने स्वतः, सगळ्यांसमोर टाकला होता. तो बदलायची सोय कुणालाच नव्हती. विझर्डचं मरण पडद्यामागे पडलं म्हणून टळलं. म्हणजे कोण जगतो हे कुणाचा फासा कुठे पडतो यावर ठरतं, असं त्याचं म्हणणं. वीरगळीचा आता त्याला राग येत होता. मला हे ऐकताना वाईट वाटलं, कारण ती वीरगळ या टेबलाने मिळून केलेली सगळ्यात चांगली गोष्ट होती.

डीएमचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नव्हतं. फायटर स्वतःहून खिंडीत थांबला, त्याने मरण पत्करलं होतं. विझर्डने काहीच चूक केली नव्हती, जायंटच तिच्यावर चालून आला. एक मरण निवडीचं, दुसरं निव्वळ नशिबाचं. हा फरक खरा आहे आणि जुनाही आहे. या खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने १९७९ च्या आपल्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये जवळपास हाच सांगितला आहे: खेळाडूने करण्यासारखं सगळं केलं आणि तरी विचित्र नशिबाने पात्र जात असेल तर एरवी ते होऊ द्या, पण मारण्याऐवजी त्याला बेशुद्ध पाडायचा, एखादा अवयव किंवा एक डोळा जाऊ द्यायचा, काहीतरी जबर किंमत घ्यायचा अधिकार डीएमला आहे. लक्षात घ्या, तिथे वार हुकत नाही. वार लागतो आणि किंमत मोजावी लागते. आणि या डीएमने आपला फरक टेबलाला कधी सांगितलेलाच नव्हता. ज्या नियमाने कोण मरणार हे ठरतं, तो एकाच माणसाच्या डोक्यात होता.

विझर्डचं दुःख सगळ्यात वेगळं निघालं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तिला वाचवलं म्हणून ती खूश असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती माझ्यासमोर दादाला म्हणाली, "तो फायरबॉल माझा आहे असं मी सगळीकडे सांगत फिरले, दादा. तो तुझा होता. मी मेले असते तर मेले असते. निदान मला विचारायचं तरी होतंस." डीएम त्यावर बराच वेळ काही बोलू शकला नाही. त्याने मला नंतर सांगितलं की तिचं ते वर्ष अभ्यासाच्या दृष्टीने कठीण चाललं होतं, शनिवारचा खेळ हा तिचा एकमेव विरंगुळा होता, आणि पात्र मेलं तर ती पुन्हा येणार नाही अशी भीती त्याला वाटली. त्याने हे मायेपोटी केलं यात मला शंका नाही. पण तिच्या वतीने ठरवताना त्याने तिला ती सगळ्यात घाबरट असेल असं धरलं, आणि ती तशी नव्हती.

नशीब किती विचित्र होतं

डीएम पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण असा रोल कधी येतो?" म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो. एका वारावर वीस येण्याची शक्यता पाच टक्के. जायंटचे दोन आणि ओगरांचे एकेक धरून फेरीला चार वार, लढाई पाच फेऱ्या चालली तर वीस वार. त्यात एकदा तरी क्रिट येण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास निघते. हिल जायंटच्या क्रिटचं सरासरी नुकसान ३२. विझर्डचे पूर्ण हिट पॉइंट २७. म्हणजे या लढाईत एखादा क्रिट येणं हे न येण्यापेक्षा अधिक संभवनीय होतं, आणि जायंटचा क्रिट विझर्डवर पडला तर ती पूर्ण बरी असती तरी बहुधा आडवी होणार होती. याला विचित्र नशीब म्हणता येत नाही. सामना आखला तेव्हाच हे त्यात होतं.

आकडे समोर आल्यावर डीएमचा सूर बदलला. आधी तो फाशाला दोष देत होता. आता त्याने आपल्या वहीतला सामना पुन्हा उघडला.

त्या क्षणी कोणते पर्याय होते

डीएमबरोबर बसून आम्ही ते दोन-चार सेकंद सावकाश उलगडले. वीस पडल्यावर काय काय करता आलं असतं?

आकडा जाहीर करून पात्र मरू देणं, हा पहिला. प्रामाणिक, पण त्या टेबलावर मरणाबद्दल काहीच ठरलेलं नसल्यामुळे नवख्या खेळाडूवर तो फार जड गेला असता. शिवाय क्लेरिक हजर असता तर पाचव्या लेव्हलला त्याला 'रिव्हिव्हिफाय' हा मंत्र मिळालेला असतो. मिनिटाच्या आत, ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा खर्चून, मेलेलं पात्र उठवता येतं. तो पायथ्याला होता म्हणून तीही वाट बंद होती.

दुसरा, क्रिटचा साधा वार करणं. पुस्तकाच्या सल्ल्यातली सौम्य बाजू. साध्या वाराने विझर्ड शून्यावर येऊन बेशुद्ध पडली असती, डेथ सेव्ह सुरू झाले असते आणि रॉगला तिच्यापर्यंत धावत जायचं कारण मिळालं असतं. हीसुद्धा लपवालपवीच, पण धोका तरी शिल्लक राहिला असता. वार पूर्णच हुकवल्यामुळे ती नुसती जगली नाही, पुढच्या पाळीत तिला मोकळं रानही मिळालं.

तिसरा मला सगळ्यात जवळचा वाटतो: फासा उचलून टेबलावर ठेवायचा आणि सांगायचं, "वीस आलाय. हिशोबाने ती मरतेय. मला हे मरण इथे नकोय. तुम्हाला काय वाटतं? आणि तुला?" खेळ दोन मिनिटं थांबला असता एवढंच. 'अशाने रंगाचा भंग होतो' असं डीएम म्हणाला. होतो, मान्य आहे. पण वीस पडल्यावर टेबल एरवीही श्वास रोखून बसतंच.

चौथा पर्याय फासा पडण्याच्या आधीचा आहे. दोन हिट पॉइंट उरलेल्या विझर्डवर दुसरा वार टाकायचाच कशाला? जायंट तिला उचलून ओलीस धरू शकला असता, लाथेने दरीच्या कडेला ढकलू शकला असता, पलीकडून कुऱ्हाडीने तोडणाऱ्या बार्बेरियनकडे वळू शकला असता. राक्षस काय करतो हे ठरवायचा डीएमला पूर्ण अधिकार आहे आणि ते वापरणं ही फसवणूक नव्हे. माझं मत इथे ठाम आहे: दया दाखवायची तर फासा हातात असताना दाखवावी. एकदा तो टाकला की आपण सगळ्यांना शब्द दिलेला असतो की आता जे पडेल ते.

उलट बाजूही तितक्याच गंभीरपणे घेते, कारण ती या टेबलावर हजर होती. क्लेरिक मला म्हणाला, "ताई, मला गोष्ट हवी असते. डीएम फासे फिरवतो की नाही याच्याशी मला घेणंदेणं नाही, फक्त मला सांगू नका." दिवसभर ऑफिसात आकड्यांशी झुंजून तो शनिवारी येतो, आणि आठ महिने जपलेलं पात्र एका आकड्याने जावं हे त्याला निरर्थक वाटतं. ज्या टेबलावर सगळेच असं म्हणतात तिथे डीएमने खुशाल फज करावं. त्यांनी त्याला तो अधिकार उघडपणे दिलेला असतो. अडचण एवढीच की बार्बेरियन आणि क्लेरिक एकाच टेबलावर बसले होते आणि दोघांना आपण एकच खेळ खेळतोय असं वाटत होतं.

काय केलं

एक शनिवार खेळ ठेवला नाही. पाच जण आणि मी, मधे चहा आणि भडंग. विझर्ड येईल की नाही शेवटपर्यंत कळत नव्हतं, ती आली. डीएमने सुरुवातीलाच, मागेपुढे न करता, काय केलं आणि का केलं ते सांगितलं. पुस्तकाचा उल्लेख यावेळी केला नाही.

मग प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन प्रश्नांची उत्तरं लिहिली: लढाईतले डीएमचे रोल उघड हवेत का, आणि निव्वळ नशिबाने पात्र मरावं का. चिठ्ठ्यांचा उपयोग झाला, कारण समोरासमोर विझर्ड दादापुढे आणि क्लेरिक बहुमतापुढे मोकळं बोलले नसते. उघड रोल हवेत असं क्लेरिक सोडून सगळ्यांनी लिहिलं, डीएमनेही. मरणाच्या प्रश्नावर मात्र मतं विखुरली. रॉगला मरण पूर्ण खरं हवं होतं. विझर्डने लिहिलं, 'मरावं, पण मला शेवटचं विचारून.'

इतर खेळांनी हा गुंता कसा सोडवला आहे ते मी मांडलं. 'वॉरहॅमर'च्या १९८६ च्या भूमिकाखेळात पात्रांना मोजके फेट पॉइंट मिळतात. एक खर्च केला की नक्की मरणातून सुटका, पण साठा संपतो. 'पाथफाइंडर'च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत उरलेले सगळे हीरो पॉइंट देऊन मरण टाळता येतं. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये, २०१० पासून, खेळ चालवणारा फासे टाकतच नाही, त्यामुळे लपवायलाच काही उरत नाही. या सगळ्यांत सवलत आहे, पण ती खेळाडूच्या हातात आहे, मोजलेली आहे आणि सगळ्यांना दिसते. हे ऐकल्यावर चर्चेला वळण लागलं. 'फज करावं की नाही' हा वाद मागे पडला आणि 'आपली सवलत कशी असावी' यावर बोलणं सुरू झालं.

शेवटी ठरलं ते असं. लढाईतले सगळे रोल पडद्याबाहेर. पात्रांना जे कळूच शकत नाही, म्हणजे समोरचा खोटं बोलतोय का, दारामागे कुणी लपलंय का, त्याचे रोल पडद्यामागेच. आणि पात्र मरायची वेळ आली की खेळाडूने स्वतः निवडायचं: मरण, किंवा कायमची जखम. ही निवड प्रत्येक पात्राला एकदाच.

रॉगने आणखी एक मुद्दा काढला आणि तो काढायलाच हवा होता. "फासे उघडे, पण राक्षसाचे हिट पॉइंट? आमची लढाई लवकर संपतेय असं दिसलं की तू ते वाढवतोस ना?" डीएम हसला आणि हो म्हणाला. तेव्हापासून मुख्य शत्रूचे हिट पॉइंट तो चिठ्ठीवर लिहून फासे ठेवायच्या वाटीखाली ठेवतो आणि लढाई संपली की चिठ्ठी उघडतो.

विझर्डच्या त्या रात्रीचं काय करायचं हे तिच्यावर सोडलं. तिने कायमची जखम घेतली, मागच्या तारखेने. वार लागला होता, डावा हात कोपरापासून निकामी झाला, आणि फायरबॉल तिने उरलेल्या हाताने टाकला. पुढच्या शनिवारी ती तिच्या पात्राने आईला लिहिलेलं नवं पत्र घेऊन आली. अक्षर मुद्दाम वेडंवाकडं काढलेलं होतं, कारण पात्र डावखुरं होतं.

परिणाम

टेबल टिकलं, पण जसंच्या तसं नाही. क्लेरिक काही आठवड्यांनी बाहेर पडला. उघड रोल सुरू झाल्यापासून तो प्रत्येक लढाईत मागे मागे राहू लागला होता आणि त्यात त्याला मजा येईना. भांडण झालं नाही. तो आता कथेवर जास्त भर देणाऱ्या दुसऱ्या गटात खेळतो आणि खूश आहे. मी याला तोटाच म्हणते; चांगला खेळाडू आणि चांगला मित्र शनिवारच्या टेबलावरून कमी झाला.

डीएमची तयारी बदलली. आता तो दर सामन्याचा हिशोब आधी करतो आणि कुणी गैरहजर असेल तर शत्रू कमी करतो. एकदा त्याने फार मेहनतीने उभा केलेला खलनायक खेळाडूंच्या लागोपाठच्या चांगल्या रोलांनी दुसऱ्याच फेरीत गारद झाला. पूर्वी त्याने तिथे गुपचूप हिट पॉइंट वाढवले असते. या वेळी त्याने वाटीखालची चिठ्ठी उघडून दाखवली आणि टेबलाने जल्लोष केला. तो मला म्हणाला की त्याला त्या रात्री झोप लागली नाही, इतकं वाईट वाटलं, आणि तरी तो जल्लोष बनावट नव्हता हे माहीत असणं त्याला आवडलं.

नव्या नियमाची खरी परीक्षा रॉगवर आली. एका मनोऱ्यावरून पडून, उघड्या फाशावर, त्याची तीन अपयशं पूर्ण झाली. डीएमने विचारलं, "जखम की मरण?" त्याने थोडा विचार करून मरण घेतलं. बार्बेरियनने डीएमकडून कागद-पेन्सिल मागून घेतली आणि यावेळची वीरगळ त्याने काढली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशीच्या बैठकीत, ज्याला सेशन झीरो म्हणतात, मरणाचा विषय निघाला असता तर बहुतेक गोष्टी टळल्या असत्या. या टेबलाने तेव्हा पात्रं बनवली, जग ठरवलं, कोणते विषय नकोत तेही ठरवलं. मरणाबद्दल कुणी बोललं नाही. फायटर मेला तेव्हा दुसरी संधी आली होती. सगळे हळवे झाले होते, वीरगळ समोर होती, आणि 'आपल्याकडे मरण असंच चालायचं ना?' असं विचारायला ती योग्य वेळ होती.

रॉगने त्याच रात्री डीएमला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर गोष्ट ग्रुपवर फुटली नसती. पण त्याला मी फार दोष देत नाही. मित्राला 'तू खोटं बोललास' हे म्हणणं सोपं नसतं, आणि ते त्याने म्हणावं अशी वेळ त्याच्यावर दुसऱ्यानेच आणली होती.

डीएमचं सकाळचं उत्तर मात्र मला आजही खटकतं. 'पुस्तकात परवानगी आहे' हे वाक्य खरं असूनही त्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं. बार्बेरियनला कायदा हवा नव्हता, आपला फायटर आणि तिची विझर्ड एकाच जगात राहत होते की नाही हे त्याला जाणून घ्यायचं होतं. तेव्हा फोन उचलून आधी मामेबहिणीशी आणि मग बाकीच्यांशी बोलला असता तर खेळ न झालेले ते मधले शनिवार कदाचित वाचले असते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. क्लेरिकच्या जागी नवीन खेळाडू येते आहे. तिने आधीच विचारलंय की माझ्या पात्रापुरते रोल पडद्यामागे ठेवता येतील का, मला आकडे पाहिले की घाबरायला होतं. बार्बेरियनचा याला विरोध आहे. विझर्ड म्हणते, पडद्यामागे टाका, पण फासा माझ्याकडच्या बाजूने दिसू दे. या शनिवारी खेळ सुरू करायच्या आधी ते यावर बोलणार आहेत.